आईच्या खालच्या कवळीसाठी दोन इम्प्लांट बसवावेत का?

सप्तपर्णी

नमस्कार मंडळी. माझ्या आईचे वय ७४ वर्षे आहे आणि आम्ही मुलुंडला राहतो. गेली अकरा वर्षे ती वरखाली दोन्ही कवळ्या लावते. वरची नीट बसते. खालची मात्र दोनदा नवी करून घेतली तरी जेवताना उचलली जाते, तिच्याखाली तिळाचा दाणा गेला तरी हिरडी टोचते, आणि बोलताना आई ती जिभेने दाबून धरते, हे आता घरातल्या सगळ्यांच्या लक्षात येऊ लागले आहे. वर्षभरापूर्वी तिने भाकरी दुधात कुस्करून खायला सुरुवात केली, मग शेंगदाणे, ओले खोबरे आणि काकडी सोडली, आणि आता लग्नकार्यात पंगत बसली की "मला भूक नाही" असे सांगून ती मागे राहते. घरी आल्यावर ती मऊ वरणभात मागून घेते, तेव्हा भूक नव्हती हे खरे नाही, हे मला कळते.

आम्ही दोन ठिकाणी दाखवले. पहिल्या दवाखान्यात आईच्या औषधांविषयी काही न विचारता वरखाली मिळून पक्के दात तीन दिवसांत बसवून देतो, खर्च साडेपाच लाख, आणि आजच आगाऊ रक्कम भरली तर सवलत, असे सांगितले. दुसरे आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी वरच्या कवळीला हात लावू नका असे सांगितले. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारे धातूचे स्क्रू, बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी नवी कवळी द्यावी, असे त्यांचे मत आहे. सगळे धरून एक लाख दहा हजार रुपये त्यांनी सांगितले.

आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. शेवटच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ७.९ आली होती. हाडे ठिसूळ झाल्यामुळे ती तीन वर्षांपासून आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी घेते. या वयात आणि या औषधांसह हे करावे का, आणि संपूर्ण खालची कवळी धरायला दोन इम्प्लांट पुरतात का, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पिंपळपान

सप्तपर्णीताई, माझा अनुभव एकाच दाढेचा आहे, परंतु कदाचित उपयोगी पडेल. २०११ मध्ये माझी खालची डावी दाढ काढावी लागली. तेव्हा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात, सुचवला गेला होता. त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करावे लागणार होते, आणि ते माझ्या मनाला पटेना, म्हणून मी काहीच केले नाही. चार वर्षे ती फट तशीच राहिली. तेवढ्यात मागची दाढ पुढे कलली आणि वरची दाढ त्या मोकळ्या जागेत खाली उतरू लागली. दात काढताना ही शक्यता कोणी सांगितली असती तर मी एवढा थांबलो नसतो.

२०१५ मध्ये दादरच्या डॉक्टरांकडे इम्प्लांट बसवले. भूल दिल्यावर वेदना नव्हती. जबड्यात कंप जाणवत होता आणि पाण्याची धार सतत चालू होती. पाऊण तासात मी बाहेर आलो, दुपारची रिकामी लोकल पकडली आणि घरी जाऊन गार दूध प्यालो. दाढ काढण्यापेक्षा त्रास कमी झाला, हे मी खात्रीने सांगतो. साडेतीन महिन्यांनी वरची टोपी बसली.

एक गोष्ट मात्र मला आधी कोणी सांगितली नव्हती. आपल्या स्वतःच्या दाताखाली भातातला खडा आला तर क्षणात कळते आणि जबडा आपोआप थांबतो. या दातावर तसे कळत नाही. चावले जाते, चांगले चावले जाते, पण चावण्याची जाणीव बोथट आहे. पहिले काही महिने मी त्या बाजूने सुपारीचे खांड चावले नाही, आणि नंतर सुपारीच सोडली.

दंतवैद्य_परळ

सप्तपर्णीताई, मी २२ वर्षे परळला व्यवसाय करतो आणि कृत्रिम दंतशास्त्र हाच माझा पदव्युत्तर विषय आहे. आईंना न तपासता उपचार सांगणे योग्य नव्हे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला उपयोग व्हावा एवढ्यासाठी लिहितो.

प्रथम खालचीच कवळी का हलते हे पाहू. वरची कवळी सबंध टाळूवर टेकते, टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर राहतो, आणि कडेने हवा आत शिरली नाही की ती चिकटून बसते. खालच्या कवळीला घोड्याच्या नालेसारखी एक अरुंद पट्टी तेवढी मिळते. आतून जीभ आणि बाहेरून गाल व ओठ जेवताना सतत हलत असतात. त्यातच दात काढला की त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही, आणि खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा अधिक असते. दोनदा नवी कवळी करूनही ती सैल झाली यात कवळी करणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. कवळीखालची जमीनच खचत गेली आहे. पिंपळपान यांच्या फटीतही तेच घडत होते, फक्त ते दिसत नव्हते. म्हणून दात काढायचा ठरला की त्याच दिवशी त्या जागेचे पुढे काय करायचे हे डॉक्टरांना विचारावे, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड या धातूला परका मानत नाही आणि त्याच्या पृष्ठभागाला घट्ट धरून वाढते. ही गोष्ट दातांच्या संशोधनातून कळलेली नाही. १९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे छोटे कक्ष बसवून हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. काम संपल्यावर ते काढायला गेले तर हाडाने त्यांना असे धरून ठेवले होते की ते निघेनात. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि तो रुग्ण २००६ मध्ये वारला तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते वापरात होते. तरीही दंतवैद्यांना हे पटायला वेळ लागला. १९८२ मध्ये टोरांटोच्या परिषदेत त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा कुठे जगभर त्याकडे गांभीर्याने पाहिले गेले.

आता तुमचा मुख्य प्रश्न. होय, खालच्या कवळीसाठी दोन इम्प्लांट पुरतात. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिल्या पसंतीचा उपचार मानावा, असे एकमताने मांडले होते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली जागा, म्हणजे साधारण सुळ्यांची, योग्य आहे. कारण हनुवटीजवळचे हाड दाट असते, दात गेल्यावरही पुष्कळ टिकते, आणि खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस त्याच्या मागे बाहेर पडते. त्या नसेला इजा झाली तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकतात. म्हणून साध्या एक्स-रेवर न थांबता सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून हाडाची उंची आणि जाडी मोजून घ्यावी.

वय हा अडथळा नाही. साखर हा अडथळा होऊ शकतो. ७.९ हा आकडा मला काठावरचा वाटतो. माझ्या रुग्णाला मी तो सातच्या आसपास आणायला सांगतो आणि आठच्या वर असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतो, कारण साखर जास्त असताना जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. अ‍ॅलेन्ड्रोनेटबाबत अधिक काळजी घ्यावी. या वर्गातील औषधे हाडाची झीज रोखतात, पण त्यामुळे जबड्याच्या हाडाची स्वतःला दुरुस्त करण्याची क्रियाही मंदावते, आणि क्वचित शस्त्रक्रियेनंतर हाडाचा भाग निर्जीव होऊन उघडा पडतो. तोंडावाटे घेतलेल्या गोळीत हा धोका कमी असतो. कर्करोगासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडमध्ये तो कितीतरी अधिक असतो. गोळी जितकी वर्षे घेतली तितकी दक्षता वाढते. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांशी दंतवैद्यांनी स्वतः बोलावे आणि काय ठरले ते कागदावर लिहून घ्यावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर तिलाही हेच लागू.

तीन दिवसांत पक्के दात, याविषयी. काही रुग्णांमध्ये स्क्रू बसवतानाच तो पुरेसा घट्ट बसतो आणि त्यावर लगेच तात्पुरते दात देता येतात. ही पद्धत खोटी नाही. परंतु कोणाला ते चालेल हे स्कॅन, साखर आणि औषधे पाहिल्यावर ठरते. औषधांची यादी न विचारता ज्यांनी रक्कम सांगितली आणि त्याच दिवशी पैसे मागितले, त्यांच्याकडे मी माझ्या आईला नेले नसते. शिवाय वरची कवळी उत्तम बसत असताना ती बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

रातराणी

डॉक्टरांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभार. मी दुसऱ्या बाजूचे लिहिते, कारण ते वाचूनच निर्णय घ्यावा असे मला मनापासून वाटते.

माझ्या सासऱ्यांना सहा वर्षांपूर्वी तीन इम्प्लांट बसवले. ते तंबाखू मळून खात. दवाखान्यात ही सवय एका फॉर्मवर विचारली गेली आणि त्यांनी ती लपवली. आम्हीही बोललो नाही, ती आमची चूक. दोन वर्षे सारे ठीक होते. मग एका इम्प्लांटभोवतीची हिरडी लाल झाली, ब्रश केल्यावर रक्त येऊ लागले, पण दुखत नव्हते म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. नंतर एक्स-रेमध्ये त्या स्क्रूभोवतीचे हाड अर्ध्यापर्यंत गेलेले दिसले. कृत्रिम दाताला कीड लागत नाही हे खरे, परंतु त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड आपलेच असते, आणि ते सडते तेव्हा दात किडल्यासारखी कळ येत नाही.

त्यानंतर जे झाले ते अधिक त्रासदायक होते. ज्या दवाखान्यात इम्प्लांट बसवले होते तो तोपर्यंत बंद झाला होता. उरलेल्या दोन इम्प्लांटपैकी एकाची टोपी सैल झाली होती. ती घट्ट करायला आम्ही तीन डॉक्टरांकडे गेलो, आणि तिघांनीही पहिला प्रश्न विचारला, "इम्प्लांट कोणत्या कंपनीचे?" आमच्याकडे फक्त पैशांची पावती होती. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचे माप वेगळे, जोडणीचा आकार वेगळा आणि तो फिरवायचे पेचकसही वेगळे असते, हे मला तेव्हा कळले. अखेरीस एका डॉक्टरांनी एक्स-रेवरून अंदाज बांधला आणि पाच-सहा आठवडे सुटे भाग मागवून जुळवले.

इम्प्लांटच्या डबीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. ती पट्टी आईंच्या फाइलमध्ये लावून घ्या आणि तिचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. पैसे भरण्याआधी हे मागितले तर कोणताही चांगला डॉक्टर नाही म्हणणार नाही.

केळफूल

माझे वय २६ आहे आणि क्रिकेट खेळताना पुढचा एक दात गेला. मी दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो. रातराणीताईंचे वाचून धास्तावलो आहे. डॉक्टर, माझ्यासाठी काही सांगाल का? आणि विम्यातून खर्च मिळतो का?

दंतवैद्य_परळ

केळफूल, तुमच्या वयात जबड्याची वाढ पूर्ण झालेली असते, त्यामुळे त्या दृष्टीने अडचण नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मात्र आम्ही थांबवतो, कारण शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात आणि इम्प्लांट जागेवरच राहते. पुढच्या दाताच्या ठिकाणी ओठाकडील हाडाची भिंत फार पातळ असते व ती लवकर विरते. म्हणून फार काळ घालवू नका. तोपर्यंत काढघाल करण्याजोगा तात्पुरता दात लावून घ्या.

सिगारेटमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण अधिक आढळते. शस्त्रक्रियेआधी आणि हाड धरेपर्यंतचे महिने तरी सिगारेट पूर्ण बंद ठेवा. त्यानंतर पुन्हा सुरू केली नाहीत तर मला अधिक आनंद होईल. गुटखा, मावा किंवा सुपारी यांची सवय असलेल्यांना आणखी एक अडचण येते. तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड दोन बोटेही उघडत नाही, आणि मग मागच्या दाढांपर्यंत उपकरण पोहोचतच नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे रुग्ण माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

बहुतेक आरोग्य विमा योजना दातांचा नियमित उपचार वगळतात. अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल तर काही वेळा खर्च मिळतो. तुमच्या पॉलिसीतील दंतउपचाराचे कलम वाचून पाहा.

पिंपळपान

खर्चाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांनी मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय येथे जाऊन चौकशी करावी. पहिले महापालिकेचे आहे आणि दुसरे राज्य शासनाचे. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या माराव्या लागतात आणि वेळ लागतो, हे मान्य करून जावे. माझ्या धाकट्या बहिणीची संपूर्ण कवळी तेथे झाली आणि तिच्या मापाचे काम मला खासगीपेक्षा अधिक बारकाईने केलेले वाटले.

सप्तपर्णी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या धाग्यावर लिहून आता सात महिने झाले. काय झाले ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कोणाला लागले तर उपयोगी पडेल.

साडेपाच लाखांचा विचार सोडला. आमच्या डॉक्टरांना मी इथले प्रश्न कागदावर लिहून नेले आणि त्यांनी न रागावता ते वाचले, उलट आईच्या अस्थिरोगतज्ज्ञांना माझ्यासमोर फोन लावला. दोघांच्या बोलण्यातून जे ठरले ते त्यांनी फाइलमध्ये लिहिले. साखर आधी खाली आणायची होती. त्यासाठी दोन महिने गेले. आईने रात्रीचा भात बंद केला, सकाळी सोसायटीच्या आवारात चालायला सुरुवात केली, आणि आकडा ७.१ आला. सीबीसीटीत पुढच्या हाडाची उंची पुरेशी निघाली.

इम्प्लांट एकाच दिवशी बसले. मी बाहेर होते, आई आत सव्वा तास होती. हाड कोरताना ते तापू नये म्हणून सलाइनचे पाणी सतत सोडतात, हाड एक मिनिटभर ४७ अंशांवर तापले तरी त्यातील पेशींना इजा होते, असे डॉक्टरांनी नंतर समजावले. पिंपळपानकाकांना जाणवलेली पाण्याची धार तीच असावी. दोन दिवस सूज होती, हनुवटीखाली निळसर डाग पडला आणि तो आठवड्याने गेला. ओठाची जाणीव शाबूत आहे. पहिले दोन आठवडे खालची कवळी अजिबात लावू दिली नाही, हा काळ आईला सर्वांत जड गेला, कारण दारात कोणी आले की ती आतल्या खोलीत जाई. नंतर जुनी कवळी आतून कोरून आणि मऊ अस्तर लावून दिली.

साडेतीन महिन्यांनी बटणे बसवली आणि नवी कवळी दिली. ती लावताना 'टक्' असा आवाज येतो. पहिल्या दिवशी आईने तो आवाज ऐकण्यासाठी ती चार-पाच वेळा काढली आणि लावली. मागच्या बाजूला कवळी अजूनही हिरडीवरच टेकते, म्हणून उजवीकडे एक जागा लागत होती. ती दोन फेऱ्यांत घासून ठीक केली. आता ती भाकरी दुधाशिवाय खाते. भाजलेले शेंगदाणे अजून कुटूनच देतो, कारण ते अख्खे खायची तिला स्वतःलाच भीती वाटते, आणि तिच्यावर जबरदस्ती करावी असे मला वाटत नाही.

रातराणीताई, दोन्ही चिकटपट्ट्या फाइलमध्ये आहेत आणि त्यांचे फोटो माझ्या व भावाच्या फोनमध्ये आहेत.

रातराणी

वाचून फार बरे वाटले, सप्तपर्णीताई. दोन प्रश्न आहेत. ही बटणे घरी स्वच्छ कशी करता? आणि उद्या आईंना एमआरआय करायची वेळ आली तर हा धातू चालतो का?

सप्तपर्णी

एमआरआयचे मी विचारून घेतले आहे. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही, त्यामुळे तपासणी करता येते. कवळी काढून ठेवायची आणि तोंडात इम्प्लांट आहेत हे तेथील तंत्रज्ञांना आधी सांगायचे. जबड्याच्याच भागाचे चित्र हवे असेल तर तेवढ्या जागी ते थोडे अस्पष्ट येऊ शकते. काही कवळ्या बटणांऐवजी चुंबकाने धरलेल्या असतात, त्यांच्याबाबत मात्र वेगळी खबरदारी लागते असे डॉक्टर म्हणाले.

स्वच्छतेसाठी लहान मुलांचा मऊ ब्रश आणला आहे. रात्री कवळी काढली की आई आरशासमोर बसून प्रत्येक बटणाभोवती, हिरडीला लागून, हळूहळू तो गोल फिरवते. नजर कमी असल्याने रविवारी मी टॉर्च धरून पाहते. कवळी साबणाच्या पाण्याने घासून रात्रभर साध्या पाण्यात ठेवतो, कारण गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. कवळीच्या आत जी दोन नायलॉनची गोल टोपणे असतात ती झिजली की पकड सैल होते आणि साधारण वर्षाने ती बदलावी लागतात. जोडीला पाचशे रुपये, असे आम्हाला सांगितले आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. पुढची फेरी गणपती झाल्यावर ठरली आहे.